आदरार्थी बहुवचन

१

इंग्रजी शिकविणाऱ्याच्या आयुष्यातील बराच काळ तांबड्या शाईत जातो. हिंगोलीतील एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांची तीसेक वर्षे अशीच गेली, आणि त्यांतील बहुतेक शाई एकाच प्रकारच्या चुकांवर खर्च झाली. ‘ही गो’, ‘बॉईज प्लेज’, ‘पीपल इज’, ‘एव्हरीबडी हॅव’. कर्ता एका वचनाचा, क्रियापद दुसऱ्याच वचनाचे. नाम एक, आणि त्यामागून येणारे सर्वनाम भलतेच. ते नोकरीत रुजू झाले तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता आणि महाविद्यालय औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होते. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. विद्यापीठ बदलले, जिल्हा बदलला, अभ्यासक्रम तर अनेकदा बदलले. वह्यांतील या चुका मात्र आपल्या जागी राहिल्या.

एखादी चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते तेव्हा तिच्यामागे काही कारण असले पाहिजे, हे भाषाविज्ञानाशी परिचय असलेल्या माणसाला सांगावे लागू नये. प्राध्यापकांना ते ठाऊक होते. पण एखादी गोष्ट ठाऊक असणे निराळे आणि वह्यांचा गठ्ठा पुढे असताना ती आठवणे निराळे. प्रस्तुत लेखनाचा विषय या दोहोंतील अंतर हा आहे.

२

वर्गात दरवर्षी तेच प्रश्न येत. पहिला ‘एस’चा. मुलगे अनेक झाले की नामाला ‘एस’ लागतो. मुलगा एकटा असला की तोच ‘एस’ क्रियापदाला लागतो. हा कोणता न्याय? सेनगाव, कळमनुरी, नर्सी या बाजूंनी एसटीने येणाऱ्या मुलांना हा इंग्रजांचा खोडसाळपणा वाटे. खरे उत्तर असे, की हे दोन ‘एस’ एका कुळातले नाहीत. नामाचा ‘एस’ जुन्या इंग्रजीतील अनेकवचनाच्या एका प्रत्ययाचा वंशज आहे. क्रियापदाचा ‘एस’ उत्तर इंग्लंडमधील बोलींतून आलेला आणि ‘एथ’ या जुन्या प्रत्ययाची जागा घेतलेला आहे. एकेकाळी इंग्रजी क्रियापदालाही पुरुष आणि वचन यांनुसार निरनिराळे प्रत्यय लागत. ते झडत गेले, आणि सामान्य क्रियापदाच्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा हा एवढाच शिल्लक राहिला.

दुसरा प्रश्न ‘नायदर–नॉर’चा. सरपंचही हजर नव्हते आणि सदस्यही हजर नव्हते, हे इंग्रजीत एका वाक्यात सांगायचे तर क्रियापद कोणाचे ऐकणार? नियम असा, की जे नाम क्रियापदाच्या लगत असेल त्याचे. ‘जो जवळ, त्याचं चालतं,’ असे एका विद्यार्थ्याने त्याचे मराठी केले तेव्हा सगळा वर्ग हसला होता. तिसरा प्रश्न ‘कमिटी’चा. समिती एकदिलाने वागली तर एकवचन आणि सभासद आपसांत भांडू लागले तर अनेकवचन, अशी सवलत ब्रिटिश वळणात आहे. अमेरिकन वळणात सामान्यतः एकवचनच चालते. चौथा प्रश्न ‘एव्हरीवन’चा, आणि तोच सर्वांत अवघड. ‘प्रत्येकाने आपली वही आणावी’ यातील ‘आपली’ला इंग्रजीत काय म्हणावे? ‘हिज’ म्हटले तर मुली वगळल्या जातात, ‘हिज ऑर हर’ म्हटले तर वाक्य लंगडते, आणि ‘देअर’ म्हटले तर रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण वाचून वाढलेला परीक्षक गुण कापतो. मराठीला ही अडचण तितकीशी जाणवत नाही. ‘आपला’ हे सर्वनाम कर्त्याकडे परत जाते, पण कर्ता पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे विचारीत नाही. त्याचे लिंग आणि वचन वहीवरून ठरते, वहीच्या मालकावरून नव्हे. ‘प्रत्येकाने’ हे रूपच मुळात पुल्लिंगी आहे, ही गोष्ट अलाहिदा.

म्हणजे कर्ता-क्रियापदांचा मेळ हा प्रकारच मराठी मुलाला अपरिचित आहे, असे म्हणता येत नाही. उलट त्याच्या भाषेत या मेळाचा व्याप इंग्रजीहून कितीतरी मोठा आहे. ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे ठरविल्याशिवाय त्याला किंवा तिला घराबाहेरही पडता येत नाही. ‘मुलाने पोळी खाल्ली’ आणि ‘मुलीने आंबा खाल्ला’ या वाक्यांत क्रियापद खाणाऱ्याकडे पाहत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. ‘तू पोळ्या खाल्ल्यास’ यात ते दोन्हीकडे पाहते: लिंग-वचन पोळ्यांचे, शेवटचा ‘स’ ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याचा. ‘शिक्षकांनी मुलींना शिकवले’ यात ते कोणाकडेच पाहत नाही. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचाराचा जो विस्तार आढळतो त्याचे कारण भाषेच्या या स्वभावातच आहे. क्रियापदाच्या रूपावर ज्या पदाचा अधिकार चालतो त्याला शालेय व्याकरणात ‘धातुरूपेश’ असे नाव आहे. ईश म्हणजे धनी. वाक्याचा धनी कोण, हा प्रश्न मराठी व्याकरणाने अशा उघड शब्दांत विचारून ठेवला आहे.

हिंगोलीच्या बाजारात तर हा धनी वाक्यागणिक बदलताना ऐकू येतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि दखनी येथे आजही कानांवर पडते. दखनी ‘ने’ लावीत नाही. ‘मैं रोटी खाया’ म्हणताना तिचे क्रियापद कर्त्याशीच इमान राखते. लातूर-सोलापूरकडून आलेला मराठी माणूसही ‘मी काम केलो’ असे म्हणतो. गावाकडचा म्हातारा मात्र ‘म्या काम केलं’ म्हणून, प्रमाण मराठीने टाकून दिलेले तृतीयेचे जुने रूप सांभाळीत असतो. अशा तीन तऱ्हा ऐकत वाढलेल्या मुलाला ‘कर्त्याप्रमाणे क्रियापद’ हा नियम स्वयंसिद्ध का वाटावा, हा प्रश्न प्राध्यापकांनी स्वतःला फार उशिरा विचारला.

३

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. बी.ए. प्रथम वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीच्या वर्गात त्यांनी ‘माझे कुटुंब’ या विषयावर दहा ओळी लिहावयास दिल्या होत्या. नर्सीच्या बाजूच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीच्या वहीत पहिलेच वाक्य होते: ‘माय फादर आर सालगडी.’ पुढे: ‘दे गो टू फील्ड अर्ली. दे डू नॉट नो रीडिंग. देअर हँड्स आर हार्ड.’ मग आईविषयी: ‘माय मदर इज थिन. शी कुक्स अँड गोज टू फील्ड.’ प्राध्यापकांनी वडिलांविषयीच्या ओळींत सात ठिकाणी वर्तुळे काढली, समासात ‘ॲग्रीमेंट’ असे लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली आणि दहापैकी तीन गुण दिले.

दुसऱ्या दिवशी मुलगी वही घेऊन आली. तिला गुणांची तक्रार करावयाची नव्हती. ‘सर, माय एकच हाये, तिला इज बरोबर. वडील बी एकच हायेत. पण त्याहिला इज कसं म्हनावं? वडील आहे, असं कसं म्हनावं?’

प्राध्यापकांनी समजावून सांगितले, की इंग्रजीत क्रियापद माणसे मोजते, मान मोजत नाही.

‘मंग मान कुठं देतेत?’

‘सर’, ‘मिस्टर’ असे शब्द असतात, असे काहीतरी उत्तर त्यांनी दिले. ‘वडलाले मिस्टर म्हनावं का?’ असे विचारून आणि उत्तराची वाट न पाहता ती वर्गाकडे वळली.

ती वही त्यांनी पुन्हा पाहिली तेव्हा जे दिसावयास हवे होते ते दिसले. दहा ओळींत वडिलांना प्रत्येक ठिकाणी ‘आर’, ‘दे’, ‘देअर’. आईला प्रत्येक ठिकाणी ‘इज’, ‘शी’, ‘हर’. क्रियापदाच्या मागे लागणारा ‘एस’सुद्धा आईच्या वाक्यांत होता आणि वडिलांच्या वाक्यांत नव्हता. ज्या मेळाच्या अभावासाठी त्यांनी सात गुण कापले होते तो मेळ या वहीत कोठेही चुकलेला नव्हता. तो इंग्रजीचा नव्हता इतकेच. मराठीत ‘वडील’ हा शब्द एकट्या माणसाला लागतानाही ‘माझे’ हे विशेषण, ‘ते’ हे सर्वनाम आणि ‘आहेत’ हे क्रियापद बरोबर घेऊनच येतो, आणि ‘आई’ बहुतेक घरांत ‘ती’ असते. मुलीने ही संपूर्ण व्यवस्था, एकही दुवा न निसटू देता, परक्या भाषेत नेली होती.

४

या प्रसंगाने प्राध्यापकांना बोचले ते आणखी एका कारणाने. त्याच आठवड्यात तृतीय वर्षाच्या वर्गात ते ‘किंग लिअर’ शिकवीत होते. पहिल्या अंकातील पहिल्या प्रवेशात लिअर कॉर्डेलियाला दूर लोटतो आणि केंट त्याला अडविण्यासाठी पुढे होतो. राजाला ‘यू’ म्हणून संबोधावे हा दरबाराचा शिरस्ता. केंट तो मोडतो, राजाला ‘दाऊ’ म्हणतो आणि म्हातारा म्हणूनही हाक मारतो. एका सर्वनामाच्या बदलात मुकुट खाली येतो आणि माणूस उघडा पडतो, हे प्राध्यापक वर्षानुवर्षे रंगून शिकवीत आले होते. त्यासाठी ते रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांच्या १९६० च्या निबंधाचा आधार घेत. एकेरी आणि अनेकवचनी संबोधनांमागे सत्ता आणि सलगी अशी दोन सूत्रे काम करतात. वरचा खालच्याला एकेरी म्हणतो आणि खालचा वरच्याला अनेकवचनी, तर बरोबरीचे आणि जिव्हाळ्याचे एकमेकांना एकेरी म्हणतात, हे त्या निबंधाचे थोडक्यात सार. शेक्सपिअरच्या पानावरील सर्वनाम ज्याला इतके बोलके वाटले, त्याला विद्यार्थिनीच्या वहीतील सर्वनाम केवळ चूक दिसले.

शिवाय इंग्रजीविषयी त्यांनी तिला जे सांगितले तेही पुरते खरे नव्हते. इंग्रजीला आदरार्थी बहुवचन माहीत नाही असे नाही. ते तिने इतके पचविले आहे की आता दिसत नाही. ‘यू’ हे मुळात अनेकांसाठीचे सर्वनाम. एकट्या माणसाला मानाने ‘यू’ म्हणण्याची चाल वरच्या वर्गांतून सुरू झाली, खाली झिरपत आली, आणि शेवटी ‘दाऊ’ला तिने प्रमाणभाषेतून जवळजवळ घालवून दिले. आज इंग्रज एकट्या माणसाला ‘यू आर’ म्हणतो तेव्हा ते क्रियापद अनेकवचनीच असते. हिंगोलीच्या मुलीने तृतीयपुरुषात जे केले ते इंग्रजी भाषा द्वितीयपुरुषात रोज करीत आली आहे.

ही उलथापालथ मुकाट्याने झाली नाही. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्याचे अनुयायी यांनी एका माणसाला ‘यू’ म्हणणे नाकारले. ईश्वरापुढे सारे सारखे असताना एकाला अनेक म्हणणे ही खुशामत आहे आणि असत्यही आहे, अशी त्यांची भूमिका होती. न्यायाधीशालाही ते ‘दाऊ’ म्हणत आणि त्यापायी मार खात. १६६० मध्ये फॉक्सने दोन सहकाऱ्यांसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनांचे दाखले देऊन शिक्षकांना आणि प्राध्यापकांना वचनविवेक शिकविणे, हा त्याचा शीर्षकातच सांगितलेला हेतू होता. समतेसाठी फॉक्सने सर्वांनाच एकवचनात आणू पाहिले. सालगड्याच्या मुलीने आपल्या बापाला अनेकवचनात नेले. दोघांची वाट उलटी असली तरी सर्वनाम ही मानाची वाटणी आहे, हे दोघांनाही कळले होते.

मराठी कथनसाहित्याच्या अभ्यासकाला या वाटणीपासून सुटका नाही. इंग्रजी कादंबरीकार म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी आणि जमीनदारासाठी एकच ‘ही’ वापरू शकतो. निवेदक कोणाच्या बाजूचा आहे हे निदान सर्वनामावरून उघड होत नाही. मराठी निवेदकाला पात्र उठून बसण्यापूर्वीच ते ‘उठला’ की ‘उठले’ हे ठरवावे लागते. ‘म्हातारा उठला’ आणि ‘अण्णासाहेब उठले’ या दोन वाक्यांच्या मध्ये कथेतील गावाची सगळी उतरंड उभी असते, आणि ती पात्रांच्या बोलण्यात नसून निवेदनात असल्यामुळे तिची जबाबदारी लेखकावर येते. तटस्थ निवेदन ही मराठीत वाटते त्याहून अवघड गोष्ट आहे. लिअर मराठीत आणणाऱ्यालाही हे टाळता येत नाही: वादळात सापडलेला लिअर ‘म्हणाला’ की ‘म्हणाले’?

५

प्राध्यापकांच्या वडिलांची गावी कोरडवाहू जमीन होती आणि घरी सालगडी होता. साल पाडव्याला ठरे आणि पुढच्या पाडव्याला संपे. या घरात तेच साल तीस वर्षे पुन्हापुन्हा ठरत गेले. केस पिकलेल्या त्या माणसाला आठ-दहा वर्षांचा मुलगा ‘अरे’ म्हणे, आणि तो माणूस मुलाला ‘धाकले धनी, या’ म्हणे. ‘तो आला का?’ ‘त्याला भाकर दिली का?’ घरातल्या वाक्यांत त्याचे क्रियापद नेहमी एकवचनी असे. हे कोणी शिकविले नव्हते आणि म्हणूनच ते कधी दिसलेही नव्हते. मातृभाषेचे व्याकरण माणूस शिकतो तेव्हा तिची उतरंडही त्याच घासाबरोबर गिळतो.

अर्थात एकवचन म्हणजे अवमान, असे सरसकट म्हणता येणार नाही. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी आहे. नामदेवांची आणि त्यांच्या घरची दासी म्हणविणाऱ्या गंगाखेडच्या जनाबाईची परंपरा विठ्ठलाला ‘तू’ म्हणते, त्याच्याशी भांडते, त्याला कामाला लावते. तो ‘येतो’, ‘उभा राहतो’. ‘येतात’ आणि ‘उभे राहतात’ असे कोणी म्हणत नाही. देव आणि आई एकेरी, वडील आणि साहेब अनेकवचनी, आणि सालगडी पुन्हा एकेरी. पहिल्या एकेरीत सलगी आहे, शेवटच्यात सत्ता; रूप मात्र एकच. व्याकरण येथे मदतीला येत नाही. ‘तो आला’ हे वाक्य पंढरीच्या वाटेवर म्हटले की वाड्याच्या ओसरीवर, यावर सारे अवलंबून राहते.

त्या मुलीच्या वहीचा अर्थ प्राध्यापकांना या ठिकाणी कळला. तिच्या वडिलांनाही कोणाच्या तरी ओसरीवर रोज एकवचनच मिळत असणार. ‘ते’, ‘आहेत’, ‘त्यांचे’ ही रूपे त्यांच्या वाट्याला येत असतील तर ती एका घरापुरती. मुलीने तीच रूपे इंग्रजीत लिहिली, आणि तेथेही एका धन्याच्या मुलाने त्यांभोवती वर्तुळे काढली.

गुण मात्र त्यांनी बदलले नाहीत. विद्यापीठाच्या परीक्षेत ‘माय फादर आर’ चालणार नव्हते, आणि तिला उत्तीर्ण व्हावयाचे होते. त्यांनी तिला बोलावून ‘यू’ची हकीकत सांगितली. तिने ती ऐकून घेतली आणि पुढच्या निबंधात ‘माय फादर इज’ असे बिनचूक लिहिले. ते वाक्य तपासताना त्यांना समाधान वाटले नाही.

६

पुढे ‘दे’चे दिवस पालटले. भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो असे ठरवून दिले आहे, आणि ‘एव्हरीवन’नंतर ‘हिज’ लिहावे हा शाळेतील नियमही त्याच विचाराचा. ॲन बोडाइन यांनी १९७५ मध्ये या नियमामागील पुरुषकेंद्री दृष्टी दाखवून दिली. एकट्या व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याची इंग्रजीची जुनी चाल व्याकरणकारांनी दडपली होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१९ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमावलीने एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली आणि त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टर कोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. प्राध्यापक तोवर निवृत्त झाले होते. बातमी वाचून त्यांना वहीतली ती वर्तुळे आठवली. तुलना तंतोतंत नाही, हेही त्यांनी लक्षात घेतले: आजचा ‘दे’ लिंग सांगावयाचे नसते किंवा ठाऊक नसते म्हणून येतो, तिचा ‘दे’ मान द्यावयाचा होता म्हणून आला होता. पण एका माणसाला अनेकवचन शोभते की नाही, हे आकड्यांनी ठरत नाही, एवढे तरी इंग्रजीनेही कबूल केले.

त्यांच्या घरचा सालगडी थकल्यावर आपल्या मुलाकडे राहावयास गेला होता. एका पावसाळ्यात निरोप आला. वृद्ध आई माजघरात बसली होती. प्राध्यापकांनी आत जाऊन सांगितले, ‘ते गेले.’

आईने विचारले, ‘कोण ते?’

त्या घरात ‘ते’ म्हणजे वडील, आणि वडील जाऊन कैक वर्षे झाली होती. प्राध्यापकांनी नाव सांगितले. तीस वर्षे त्या माणसाची भाकर आईने बांधून दिली होती. सणाला त्याचे ताट तिनेच वाढले होते, आणि ते ओसरीच्या खालीच वाढले होते.

‘मग तो गेला म्हण की,’ असे म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला.

त्या ‘तो’मध्ये किती ओसरी होती आणि किती माया, हे प्राध्यापकांना तेव्हा सांगता आले नाही, आजही येत नाही. आईचे वाक्य त्यांनी दुरुस्त केले नाही. संध्याकाळी नदीवरून परतताना कोणीतरी विचारले, तेव्हा त्यांनी पुन्हा ‘ते गेले’ असेच सांगितले, आणि पुन्हा नाव सांगावे लागले.